लहान मुलाचं कॅन्सरचं ऑपरेशन: तारीख ठरल्यापासून पुढच्या किमोपर्यंतची तयारी

मुलीला ‘मावशीकडे जायचंय’ असं सांगून वॉर्डात आणलेलं असतं. पहाटे पाचला आजीनं मायेनं अर्धा कप दूध पाजलेलं असतं. तीन दिवसांची सर्दी भूलतज्ज्ञांपासून लपवलेली असते, कारण तारीख हुकेल याची धास्ती. आणि टाके सुकले की कुटुंब गावी जातं ते दीड महिना फिरकत नाही. मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समुपदेशनाचं काम करते, आणि या चार चुका पुन्हा पुन्हा पाहते. चारही मायेपोटी होतात. चारही टाळता येतात.

लिहिताना दोन मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. एक चार वर्षांची मुलगी, मूत्रपिंडात विल्म्स ट्यूमर असलेली. दुसरा पंधरा वर्षांचा मुलगा, गुडघ्याजवळच्या हाडात ऑस्टिओसारकोमा असलेला. आपल्याकडे या दोन्ही आजारांत बहुतेक वेळा आधी किमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं), मग ऑपरेशन आणि मग पुन्हा किमो असा क्रम असतो. तुमच्या मुलाची गाठ वेगळी असली तरी तयारीचा क्रम जवळपास हाच राहतो. जिथे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तिथे त्यांचंच ऐका.

टप्पा १: एक वही आणि सर्जनला विचारायचे प्रश्न

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर मुलाचं नाव, फाइल नंबर, रक्तगट, वजन आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते लिहा. पुढच्या पानांवर प्रश्न लिहा, कारण ओपीडीत डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मे प्रश्न आठवत नाहीत.

नेमकं काय काढणार? ऑपरेशननंतर किती नळ्या असतील आणि कुठे? आयसीयूत किती दिवस? रक्त लागेल का? पुढची किमो साधारण कधी? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पोट किंवा पाय उघडल्यावर ठरल्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर काय करणार? याचं उत्तर आधी ऐकलेलं असलं की ऑपरेशन चालू असताना बाहेर निरोप आला तरी पायाखालची जमीन सरकत नाही.

विल्म्समध्ये एका बाजूचं मूत्रपिंड गाठीसकट, शक्यतो अखंड, काढतात आणि जवळच्या लसिका ग्रंथी तपासायला घेतात. दुसरं मूत्रपिंड निरोगी असेल तर एकावर आयुष्य नीट चालतं. हाडाच्या गाठीत पाय वाचवून आत धातूचा कृत्रिम सांधा बसवता येईल का, हे गाठ रक्तवाहिनी आणि नसांना किती चिकटली आहे यावर बरंचसं ठरतं.

सावधान: पोटातली गाठ कुणालाही दाबून पाहू देऊ नका. भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक ‘बघू, कुठाय?’ म्हणत हात लावतो. विल्म्सची गाठ फुटली तर आजाराची पायरी, म्हणजे स्टेज, वर जाते आणि जास्तीचे उपचार लागू शकतात. हाडाच्या गाठीवर मालिश, लेप, हाडवैद्याकडचा ताण, शेक यांतलं काहीही नको. आतलं हाड पोखरलेलं असतं, साध्या झटक्यानेही मोडू शकतं.

टप्पा २: भूल तपासणी, काउंट आणि रक्त

भूल तपासणीला अनेक आईवडील ‘फिटनेसचा शिक्का’ समजतात आणि काका किंवा मामाला पाठवतात. या दिवशी मुलाला रोज सांभाळणारी व्यक्तीच हवी. पुढच्या गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा:

१. आतापर्यंत कोणती किमो झाली. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, झालं असेल तर हृदयाचा टू-डी इको बघतात. सिस्प्लॅटिननं मूत्रपिंड आणि कान दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. ब्लिओमायसिन झालं असेल तर फुप्फुसांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते.

२. गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइड दिलं असेल तर ते.

३. हलणारा दात. सहा-सात वर्षांच्या मुलांत हमखास असतो. भूल देताना तोंडातून नळी घालतात, तेव्हा तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

४. घरात कुणाला भूल देताना त्रास झाला होता का.

५. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांनी हे आवर्जून सांगावं; कुटुंबात ‘पिवळं कार्ड’ किंवा ‘लाल कार्ड’ मिळालेलं कुणी असेल तर ते कार्ड घेऊन या.

६. घरगुती काढे, पुड्या, झाडपाल्याची औषधं. रागावतील म्हणून लपवू नका. काहींमुळे रक्त पातळ होतं, काहींमुळे यकृतावर ताण येतो.

आता सर्दीबद्दल. सर्दी-खोकला असताना भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचा, ऑक्सिजन उतरण्याचा धोका वाढतो. तारीख पुढे ढकलायची की नाही हा निर्णय डॉक्टर गाठीची घाई आणि छातीची स्थिती दोन्ही बघून घेतात, आणि प्रत्येक वेळी तारीख रद्द होतेच असं नाही. पण माहितीच लपवली तर तो निर्णय आंधळेपणानं होतो. घरात किंवा शेजारी कांजिण्या, गोवर आला असेल तर वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी फोन करून सांगा. तिथली सगळीच मुलं अशक्त असतात.

किमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, सगळ्यात खाली जातात. ते वर आल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. बहुतेक मोठ्या ऑपरेशनला प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, किमान ५० हजार हव्या असतात, काही वेळा त्याहून जास्त. काउंट न वाढल्यामुळे तारीख आठवडाभर पुढे गेली तर त्यात कुणाची हयगय नसते.

रक्तासाठी दोन-तीन निरोगी माणसं तयार ठेवा, पण ‘बापाचंच रक्त मुलाला द्या’ असा आग्रह नको. जवळच्या नात्यातलं रक्त अशक्त मुलाला जसंच्या तसं दिलं तर त्यातल्या पेशी मुलाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका असतो. म्हणून असं रक्त आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून देतात. कुणाचं रक्त कुणाला जाईल ते रक्तपेढीला ठरवू द्या.

टप्पा ३: कागद, पैसे, मुक्काम

हे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांखाली उपचार घेणार असाल तर मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर नाही. रेशनकार्ड, आधार, मुलाचं आधार नसेल तर जन्मदाखला, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. कार्डावरचं नाव आणि फाइलवरचं नाव अक्षरशः जुळतं का ते आज तपासा; ‘शिवांश’ आणि ‘शिवंश’ एवढ्या फरकानं फाइल अडते. मुंबईत उपचार असतील तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये मुलासह विनामूल्य राहण्याची सोय आहे. तिथे रुग्णालयाच्या शिफारशीनंच जागा मिळते, म्हणून समाजसेवा विभागात आधी नाव घाला. फुटपाथवर किंवा दाटीच्या खोलीत राहून ऑपरेशननंतरची जखम कोरडी ठेवणं फार कठीण जातं.

टप्पा ४: मुलाला सांगणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच होते.

कधी सांगायचं? दोन-तीन वर्षांच्या बाळाला एक-दोन दिवस आधी. चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी. शाळकरी मुलाला आठवडाभर आधी. किशोरवयीन मुलाला निर्णय होतानाच, त्याला समोर बसवून. लहान मुलाला फार लवकर सांगितलं तर ते रोज रात्री घाबरतं; मोठ्याला उशिरा सांगितलं तर पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

चार वर्षांच्या मुलीसाठी शब्द साधे हवेत. ‘कापणार’ हा शब्द नको, ‘गाठ काढणार’ म्हणा. भुलेबद्दल नुसतं ‘झोपवतील’ म्हणू नका, मग ती रात्री झोपायलाच घाबरते. असं सांगून बघा: ‘ही औषधाची झोप आहे, पिल्लू. रात्रीच्या झोपेत कुणी हलवलं की जाग येते. या झोपेत येत नाही, म्हणून डॉक्टरकाका गाठ काढतात तेव्हा काहीच दुखत नाही. काम झालं की ते औषध बंद करतात, आणि तुला जाग येते. उठशील तेव्हा पोटावर पट्टी असेल, नाकात एक नळी असेल, शूची पण नळी असेल. थोडं दुखेल. दुखलं की सांगायचं, त्याचं औषध आहे. मी दाराबाहेर बसलेली असेन.’

‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य कधीही नको. पहिल्या टोचणीला ते खोटं ठरतं आणि मग पुढची सगळी आश्वासनं वाया जातात.

या वयातली मुलं आजाराचं कारण स्वतःमध्ये शोधतात. ‘मी दादाला ढकललं म्हणून बाप्पानं गाठ दिली’ असं त्यांना मनापासून वाटतं, पण ती बोलत नाहीत. म्हणून न विचारताच सांगा: तुझ्या कुठल्याही चुकीमुळे हे झालेलं नाही. आणि घरातल्या मोठ्यांना बजावा, ‘जेवली नाहीस तर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी आजपासून बंद. ज्या माणसांच्या हाती मूल सोपवायचं आहे, त्यांचाच बागुलबुवा करायचा नाही.

नंतर खेळ. भातुकलीतली बाहुली घ्या, पोटावर बँडेज लावा, नाकाशी दोरा चिकटवा. प्लास्टिकचा मास्क मिळाला तर मुलीला आधी बाहुलीला लावू द्या, मग तुम्हाला, मग स्वतःला. बाहुलीला काय होतंय ते तिलाच सांगू द्या. तिच्या मनातली भीती तिथेच बाहेर येते.

पंधरा वर्षांच्या मुलाचं वेगळं आहे. तो तुमच्याआधी मोबाइलवर शोधून बसलेला असतो. कायद्यानं सही तुमची लागते, पण त्याचा होकार घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्जनशी त्याला काही वेळ एकट्याला बोलू द्या. फुटबॉल, केस, मैत्रीण, लग्न, मूल होणं, असे प्रश्न तो आईसमोर विचारत नाही. पाय काढावा लागण्याची शक्यता असेल तर ती आधीच सांगा. शुद्धीवर आल्यावर चादरीखाली पाय नाही हे मुलाला कळणं, असं कोणत्याही परिस्थितीत घडू देऊ नका. मी एका मुलाच्या बाबतीत ते पाहिलं आहे. त्यानं आईवडिलांशी बोलायला कित्येक आठवडे घेतले. कृत्रिम सांधा किंवा पाय लावून चालणाऱ्या दुसऱ्या मुलाशी भेट घालून द्यायला वॉर्डात सांगा; माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा त्या दहा मिनिटांनी जास्त काम होतं.

तपासून पाहा: ‘परवा काय होणार आहे, मला सांग बरं’ असं मुलाला विचारा. जे चुकीचं सांगेल तेवढंच पुन्हा समजवा. घरी राहिलेल्या भावंडालाही फोनवर खरं सांगा. ‘ताई कुठे गेली’ याचं उत्तर त्यालाही हवं असतं.

टप्पा ५: शरीराची तयारी

ऑपरेशनआधीचे दोन-तीन आठवडे वजन टिकवण्यात घालवा. भूक नसते, तेव्हा तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं द्या. नीट उकडलेलं अंडं, मूगडाळीची तूप घातलेली खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची खीर, घरचं शिजवलेलं काहीही. उघड्यावरची भेळ, उसाचा रस, न सोललेली फळं, कच्ची कोशिंबीर नको. मूल खाऊच शकत नसेल आणि आहारतज्ज्ञ नाकातून नळीनं आहार द्यायला सांगत असतील तर तो शेवटचा उपाय समजून लांबवू नका. कुपोषित मुलाची जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. आणि आईनं या दिवसांत नवसाचे कडक उपास करू नयेत. रात्रभर खाटेशेजारी बसायला अंगात ताकद लागते.

श्वासाचा सराव रोज दोनदा: साबणाचे फुगे, भिरभिरं, पिपाणी. मोठ्या मुलाला तीन गोळ्यांचं फुप्फुसाचं यंत्र आणून आधीच शिकवा. दुखऱ्या पोटानं पहिल्यांदाच ते हातात घेतलं तर तो ओढत नाही.

व्हिन्क्रिस्टिन या किमोनं बद्धकोष्ठ होतं. पोटाच्या ऑपरेशनआधी शौचाला रोज होतंय का याची वहीत नोंद ठेवा आणि होत नसेल तर डॉक्टरांना सांगा. मनानं एनिमा किंवा एरंडेल देऊ नका. कोणतीही लस, पोलिओचा डोससुद्धा, विचारल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही.

टप्पा ६: आदली रात्र आणि उपाशी ठेवणं

सिस्टर ‘एनबीएम ठेवा’ म्हणतात, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. कारण स्पष्ट आहे: भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसांत जाऊ शकतं. ऑपरेशन सकाळी आठचं असेल तर सर्वसाधारण हिशोब असा:

१. तळलेलं, तूपकट, मटण-चिकन, भरपेट जेवण: ८ तास आधी, म्हणजे रात्री १२ ला बंद.

२. हलकं खाणं, गाई-म्हशीचं दूध, पावडरचं दूध, दुधाचा चहा: ६ तास आधी, रात्री २ ला बंद.

३. आईचं दूध: ४ तास आधी, पहाटे ४ ला बंद.

४. साधं पाणी: २ तास आधी, सकाळी ६ ला बंद.

वॉर्डानं दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच धरा. दूध पोटात गेल्यावर त्याचं दही होतं, म्हणून ते पाण्यात मोजत नाहीत. ‘दोन घोट तर दिलं’ इथेच सगळी गडबड होते.

उलट चूकही तेवढीच होते. ‘उपाशी’ म्हटलं म्हणून संध्याकाळपासून पाणीही तोडायचं. मूल कोरडं पडतं, शिरा सापडत नाहीत, चिडचिड होते. सहाच्या आत पाणी चालतं का ते विचारा आणि चालत असेल तर उठवून पाजा. यादीत नंबर मागे गेला तर सिस्टरांना पुन्हा विचारा. रक्तदाबाची गोळी चालू असेल (विल्म्सच्या अनेक मुलांना असते) तर सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे आदल्या दिवशीच लिहून घ्या.

सावधान: पहाटे गावाहून आलेली आजी प्रसाद, तीर्थ घेऊन येते. अंगारा कपाळाला लावा. प्रसाद पिशवीत ठेवा, मूल खायला लागलं की द्या. आणि चुकून काही खाल्लंच असेल तर लगेच सांगा. गेलेली तारीख पुन्हा मिळते.

टप्पा ७: ऑपरेशनची सकाळ

साबणानं अंघोळ, अंगाला तेल-पावडर नाही. मग एकेक वस्तू उतरवा: करदोडा, ताईत, काळा दोरा, वाळे, पैंजण, कानातले, काजळ. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं उपकरण वापरतात. अंगावर धातू असेल तर तिथे भाजू शकतं. नखांवर रंग किंवा गडद मेंदी असेल तर बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा चुकीचं दाखवू शकतो. करदोडा तोडायला घरचे तयार नसतात, हे मला ठाऊक आहे. आदल्या रात्री शांतपणे सोडवून आईच्या पदराला बांधा, नंतर पुन्हा बांधता येतो. ऑपरेशन थिएटरच्या दारात भांडण नको.

उजवी बाजू की डावी, हे सर्जन किंवा त्यांचे सहकारी विचारतील, खूण करतील. उत्तर मोठ्यानं द्या. कुणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा.

आत जाण्याआधी गुंगीचं औषध दिलं असेल तर मुलाला खाटेवरून उतरू देऊ नका. दारापर्यंत एकानंच जावं, गर्दी नको. रडू आलं तरी चालेल, पण न सांगता गुपचूप मागे फिरू नका. ‘मी इथेच आहे’ म्हणा, आणि खरंच तिथेच राहा. नाव पुकारलं की कुणीतरी हजर हवं.

टप्पा ८: पहिले काही दिवस

मूल आयसीयूत सुजलेलं, नळ्या लावलेलं दिसेल. मुलीला आधी सांगितलेल्या नळ्याच तिथे असतील, म्हणून ती तुमच्यापेक्षा कमी घाबरते.

दुखणं मोजा. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात, मोठ्यांना शून्य ते दहा आकडा विचारतात. मूल गप्प पडून आहे म्हणजे दुखत नाही असं नाही. अनेकदा दुखतं म्हणूनच ते हलत नाही. दुखण्याचं औषध वेळेवर मागा. ‘सवय लागेल’ या भीतीनं ते टाळू नका. दुखणाऱ्या पोटानं मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग छातीत कफ साठतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी बसवा, दुसऱ्या दिवशी उभं करा. खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवा. पोटाच्या ऑपरेशननंतर वायू सरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं की नाही, हे फक्त डॉक्टर सांगतील.

पायाच्या ऑपरेशनमध्ये एक चूक अगदी हमखास: गुडघ्याखाली मऊ उशी. आराम वाटतो, पण सांधा वाकलेलाच आखडतो आणि नंतर चालणं अवघड होतं. फिजिओथेरपिस्ट जशी ठेवतील तशीच स्थिती ठेवा. पाय काढला असेल आणि मुलगा म्हणाला की नसलेल्या पायाची बोटं दुखतात, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. ते दुखणं खरं असतं आणि त्यावर औषध असतं. सिस्प्लॅटिननं ऐकू कमी आलेल्या मुलाशी समोर येऊन, चेहरा दिसेल असं बोला, आणि सिस्टरांनाही तसं सांगा.

टप्पा ९: सुट्टी मिळाल्यावर

सुट्टीच्या कागदावर रात्रीसुद्धा लागणारा फोन नंबर आहे ना, ते निघण्याआधी बघा. जखमेवर हळद, तेल, राख काही नाही. पुढचं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा:

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. आधी थर्मामीटर लावा, मग फोन. फोन होईपर्यंत क्रोसिन नको, त्यानं ताप झाकला जातो. हिरवी उलटी किंवा फुगलेलं पोट. जखमेतून पू, वास, वाढती लाली. लघवी खूप कमी किंवा लाल. दम लागणं. ऑपरेशन झालेला पाय अचानक सुजणं, थंड पडणं किंवा बोटं न हलणं.

एक मूत्रपिंड राहिलेल्या मुलाला पाणी भरपूर, मनानं वेदनाशामक कधीच नाही, आणि रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यायचा.

टप्पा १०: रिपोर्ट आणि पुढची किमो

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हाडाचा आणखी लांबतो, कारण हाड आधी मऊ करून मगच त्याचे काप घेता येतात. किमोनं किती पेशी मेल्या, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरच्या पेशींविना, आहेत का, ग्रंथींत काही आहे का, यावर पुढचं औषध आणि रेडिएशन ठरतं. तोवर गावी जाऊन पडणं सगळ्यात महाग पडतं. गाठ दिसेनाशी झाली, मूल हसायला लागलं, म्हणून कुटुंबं थांबतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींसाठीच पुढची किमो असते आणि ती साधारण दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हावी लागते.

गावी जायलाच हवं असेल, पेरणी असेल, दुसरं मूल आजारी असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा, परतीची तारीख फाइलवर लिहून घ्या, परतीचं तिकीट आत्ताच काढा (रेल्वेच्या सवलतीचा अर्ज रुग्णालयातच भरून मिळतो), आणि वहीच्या शेवटच्या पानावर तीच तारीख मुलाच्या हातानं लिहून घ्या. मुलं ती विसरत नाहीत.